तुणतुण्याची जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

'तेच ते तुणतुणं लावू नकोस' हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले आहे. आईने ऐकवले असेल, साहेबांनी ऐकवले असेल, निदान घरच्या मंडळींनी तरी नक्की ऐकवले असेल. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाला आपल्या भाषेने तुणतुण्याची उपमा देऊन टाकली आहे. पण ते खरे तुणतुणे आपण शेवटचे कधी ऐकले, हे आठवून पाहा. पाहिले कधी, असे मी विचारत नाही. ऐकले कधी, असे विचारतो आहे. आज मी त्याच वाद्याबद्दल बोलणार आहे.

माझे गाव पिंगळी. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचे एक छोटे स्टेशन. पुण्या-मुंबईकडच्या लोकांची पुष्कळदा गल्लत होते आणि ते मला बाहुल्यांच्या खेळाबद्दल विचारू लागतात. ते कोकणातले कुडाळजवळचे पिंगुळी. आमच्या पिंगळीला तशी प्रसिद्धी नाही. पण परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाप्रमाणे आमच्याकडेही घरात लग्न झाले की देवीचा गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या आमच्या दोन्हीकडच्या आया. गोंधळी मंडळींमध्येही रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, तर कदमराई तुळजाभवानीचे उपासक.

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाचा गोंधळ मला लख्ख आठवतो. साल १९७४. मी दहा वर्षांचा होतो. अंगणात पाट मांडला होता, त्यावर नवे कापड, धान्याची रास, कलश, आणि भोवती ज्वारीच्या ताटांचा मांडव. दिवटी पेटली. कोपऱ्यात गॅसबत्ती सूं सूं करत होती. गोंधळ्यांचे नाईक मधे उभे राहिले. गळ्यात कवड्यांची माळ, अंगात पायघोळ झगा. एकाच्या कमरेला संबळ, एकाच्या हातात झांज. आणि सगळ्यांच्या मागे माझ्याच वयाचा एक मुलगा तुणतुणे काखेत धरून उभा होता. तो नाईकांचा पुतण्या होता, हे मला नंतर कळले.

रात्रभर आख्यान चालले. मी दोनदा झोपलो आणि दोनदा उठलो. दोन्ही वेळा डोळे उघडण्याआधी कानावर पडला तो त्या एका तारेचा आवाज. नाईक गात होते तेव्हाही तो होता. गाणे थांबवून नाईक गोष्ट सांगत होते, साथीदार मधेच काहीतरी विचारून लोकांना हसवत होता, तेव्हाही तो हलकेच चालू होता. तो मुलगा डोळे ताणून जागा होता. मला त्याचा फार हेवा वाटला होता, कारण मोठ्या माणसांत रात्रभर बसायची परवानगी त्याला होती.

आता हे वाद्य कसे असते ते सांगतो, कारण नव्या पिढीतल्या अनेकांनी ते हातात घेतलेले नसते. लाकडाचे एक पोकळ नळकांडे. त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले. नळकांड्याच्या बाजूला एक काठी बसवलेली आणि तिच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार पोकळीतून वर येऊन त्या खुंटीला गुंडाळलेली. बोटाने किंवा लाकडाच्या लहानशा तुकड्याने ती छेडायची. झाले वाद्य तयार. यात पडदे नाहीत, सूर बदलायची सोय नाही. लावलेला एक सूर तेवढा निघत राहतो.

मग एवढ्याशा वाद्याचे काम तरी काय? माझ्या समजुतीप्रमाणे ते तीन कामे करते. पहिले काम सुराचे. गाणाऱ्याला पायाखाली जमीन हवी असते, ती हे वाद्य देते. दुसरे काम लयीचे. तंबोऱ्याची तार सलग झंकारत राहते, तुणतुण्याची तार ठेक्यात वाजते. संबळ कितीही उसळला तरी मूळ चाल तिथे मोजली जात असते. तिसरे काम मात्र गोंधळाचे खास आहे. गोंधळात गाणे आणि बोलणे यांची सतत अदलाबदल असते. नाईक पाच-दहा मिनिटे गद्यात गोष्ट सांगतात आणि एका क्षणी पुन्हा गाण्यात शिरतात. त्या वेळी सूर शोधायला त्यांना थांबावे लागत नाही. दरम्यान तुणतुण्याने तो धरून ठेवलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. रात्र चढते तसा गाणाऱ्याचा गळा थकतो. तुणतुण्याची खुंटी केसभर सैल केली की सूर केसभर उतरतो. पेटीवर तसे करता येत नाही. तिथे काळी पट्टी सोडली तर पांढरी, मधले काही नाही. म्हणजे तुणतुणे गळ्याप्रमाणे वागते, पेटीपुढे मात्र गळ्यालाच पेटीप्रमाणे वागावे लागते.

आपल्या परंपरेत या वाद्याला मान किती मोठा होता, हे गोंधळाच्या जन्मकथेवरून कळते. परशुरामाने बेटासुर नावाच्या राक्षसाला मारले. त्याच्या शिरातले तंतू त्याच शिराच्या खोबणीतून ओवून त्याने एक वाद्य केले आणि ते छेडत तो आई रेणुकेपुढे गेला, तिला वंदन केले. तेव्हापासून गोंधळ सुरू झाला, असे ही मंडळी सांगतात. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागायचा नसतो. पण कथा काय सांगते ते ऐकावे. तिच्या मते गोंधळाची सुरुवात संबळाने झाली नाही, झांजेने झाली नाही. ती झाली एका तारेने.

गोंधळाबाहेरही या तारेचे राज्य होते. डफ आणि तुणतुणे म्हटले की पोवाडा डोळ्यांपुढे येतो. जुन्या तमाशात ढोलकीच्या बरोबरीने तुणतुणे आणि झांज असे. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्यांच्या हाती ती वाद्ये असत. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी मैदानेच्या मैदाने गाजवली. त्या शाहिरीलाही हाच साज होता.

मग त्याची जागा गेली कशी?

पहिला धक्का पेटीचा. हार्मोनियम हे मूळचे युरोपातले वाद्य. एकोणिसाव्या शतकात ते आपल्याकडे आले, कलकत्त्यात त्याची हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी झाली आणि मराठी नाटकाने तिला डोक्यावर घेतले. गंमत पाहा, ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, त्याच आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. आपल्या गाण्यातल्या सुरांची वळणे तिला जमत नाहीत, असे तज्ज्ञांचे म्हणणे होते. ती बंदी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. पण गावोगावच्या तमाशाच्या फडांना आणि गोंधळ्यांच्या मेळांना कोण बंदी घालणार? तिथे पेटी आली, रुजली आणि तिने सूर देण्याचे काम तुणतुण्याकडून काढून घेतले. शिवाय तिला चालही वाजवता येत होती.

दुसरा धक्का ध्वनिक्षेपकाचा. पूर्वी अंगणात दीडशे माणसे बसत, त्यांना तुणतुणे ऐकू जाई. आता मंगल कार्यालयात हजार माणसे आणि चार मोठे कर्णे. मायक्रोफोन दोनच असतात. एक नाईकांपुढे, एक संबळापुढे. ज्याच्यापुढे मायक्रोफोन नाही तो वाजवतो की नुसता उभा आहे, हे मागच्या रांगेतल्याला कळत नाही. पुढे पेटीच्या जागी बॅटरीवर चालणारा कीबोर्ड आला. त्याची एक कळ दाबून ठेवली की सूर आपोआप चालू राहतो.

तिसरा धक्का वेळेचा. रात्रभराचा गोंधळ दोन तासांवर आला, कुठे कुठे पाऊण तासावर. बिदागी तेवढीच आणि वाटेकरी पाच, हे परवडत नाही. मग कमी कोणाला करायचे? संबळवाल्याला करता येत नाही. संबळाला तर उलट भाव आला. वरातीत, चित्रपटात, ढोलताशाच्या जोडीला आज संबळ हवाहवासा झाला आहे. कमी होतो तो तुणतुणेवाला.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. दूर मेक्सिको देशात मारियाची नावाचे वादकांचे ताफे असतात. आपल्या गोंधळासारखे तेही लग्नकार्यात, सणावारी बोलावले जातात. पश्चिमेकडच्या हालिस्को प्रांतातल्या खेड्यांत त्यांचा उगम. सुरुवातीला त्यांच्याकडे व्हायोलिन, लहान गिटारसारखे एक वाद्य आणि पुष्कळ ठिकाणी एक मोठा हार्प असे. हार्प म्हणजे लाकडी चौकटीत ओळीने ताणलेल्या तारांचे उभे वाद्य. वादक डाव्या हाताने खर्जाचे सूर देई आणि उजव्या हाताने चाल वाजवी. काही भागांत तर दुसरा एखादा वादक हार्पच्या पेटीवर थापा मारून ठेका धरी. साऱ्या ताफ्याचा पाया तो होता.

पुढे ताफे शहरात आले. चालत, उभ्याने वाजवायची वेळ आली. हार्प जड पडला. गळ्यात अडकवता येणारी मोठ्या पोटाची गिटार, तिला गिटारोन म्हणतात, खर्जाचे काम करू लागली. १९३० नंतर रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट आले. मग ताफ्यात ट्रंपेट शिरला आणि त्याच्या आवाजात हार्प बुडाला. अनेक ताफ्यांनी तो सोडला. 'मारियाची वार्गास दे तेकालित्लान' या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या विख्यात ताफ्याने मात्र हार्प टिकवला आहे. तिथे त्याचे काम बदलले. पाया सांभाळायचे काम गिटारोनकडे गेले, हार्प आता सुरांची नक्षी काढतो आणि मधूनच एकट्याने वाजून टाळ्या घेतो. २०११ मध्ये युनेस्कोने मारियाचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

म्हणजे हार्पची जुनी जागा गेली, पण त्याला दुसरी मिळाली. तुणतुण्याचे तसे होऊ शकत नाही. त्याला एकच तार, एकच सूर. नक्षी काढायची म्हटली तर काढणार कशाने? पंजाबच्या तुंबीलाही एकच तार असते, पण तिच्या दांडीवर बोटे फिरवून चाल वाजवता येते. म्हणून लालचंद यमला जट यांच्यासारख्या गायकाच्या हाती ती घरोघर पोचली. तुणतुण्याकडे तोही मार्ग नाही. धरून ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम यंत्राने उचलले.

इतके सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग गेले तर गेले! सूर पेटीने दिला काय आणि तुणतुण्याने दिला काय? मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. माझे मत बदलले ते एका प्रसंगाने.

मी पेशाने शिक्षक. काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नोकरीच्या मधल्या काळात माझ्या वर्गात गोंधळ्याच्या घरचा एक मुलगा होता. हुशार होता, पण लग्नसराई सुरू झाली की गैरहजर. चौकशी केली तर कळले, वडिलांबरोबर गोंधळाला जातो, तुणतुणे धरतो. रात्रभर जागायचे आणि सकाळी शाळा बुडवायची. एके दिवशी मी त्याला सगळ्या वर्गापुढे उभे केले आणि म्हणालो, "जन्मभर तेच तुणतुणं वाजवत बसणार आहेस का?" वर्ग हसला. मुलाने मान खाली घातली. त्यानंतर तो एकदाही गैरहजर राहिला नाही. मला माझाच अभिमान वाटला होता.

तो मुलगा शिकला. आज पुण्याजवळ एका कारखान्यात चांगल्या नोकरीवर आहे. अलीकडे माझ्या पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ झाला, तेव्हा त्याचे वडील नाईक म्हणून आले होते. बरोबर संबळ, कीबोर्ड आणि झांज. तुणतुणे होते, पण ते पाटाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेले. त्याला हळदकुंकू वाहिलेले होते आणि त्याची तार सैल होती.

गोंधळ उरकल्यावर मी त्यांना म्हणालो, "नाईक, तुणतुणं वाजवलं नाही आज."

ते म्हणाले, "गुरुजी, सूर तर ती मशीन देती. हे देवीचं म्हणून संगं आणायचं."

मी विचारले, "तुमच्यामागं आता कोण उभं राहणार?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या काकानं मला कधी बसवून शिकवलं नाही. तुणतुणं हातात दिलं अन् मागं उभं केलं. धा वर्सं तार छेडत ऐकलं, तवा आख्यानं पाठ झाली. आता ती जागाच राहिली नाही. लेकरू उभं कुठं करावं?"

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. १९७४ साली ज्याचा मला हेवा वाटला होता, तो मागे उभा असलेला मुलगा म्हणजे हेच नाईक. त्याचे काम सगळ्यांत सोपे होते. एक तार, एक सूर. म्हणूनच तर ते लहान मुलाला देता येत होते. हात गुंतलेले आणि कान मोकळे. मोठ्यांच्या मेळात लहानग्याला हक्काने उभे राहता येईल अशी ती एकच जागा होती. आपण तिला बिनकामाची समजलो. कीबोर्डने सूर दिला हे खरे, पण कीबोर्ड आख्यान ऐकत नाही, आणि उद्या तो नाईक होणार नाही.

आणि ही आख्याने म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नाही. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथात गोंधळ्यांचा सविस्तर विचार केला आहे. मराठवाड्यातल्या लोकपरंपरांच्या अभ्यासाला डॉ. प्रभाकर मांडे यांनी सारे आयुष्य दिले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आमच्या परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांच्यामुळे परभणीचा गोंधळ महाराष्ट्रभर ओळखला गेला. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी 'जांभूळ आख्यान' रंगभूमीवर आणले तेव्हा शहरातल्या प्रेक्षकांना या विधिनाट्याची ताकद कळली. ही ताकद छापील पुस्तकात पुरती मावत नाही. कुठे थांबायचे, कुठे हसवायचे, कुठल्या शब्दावर संबळ उचलायचा, हे कानाने आणि मागे उभे राहूनच कळते.

मग मी त्या मुलाला शाळेत बसवले ते चुकले का? नाही. ते मी पुन्हाही करीन. गोंधळी समाज आपल्याकडे भटक्या जमातींच्या यादीत आहे. या मुलांनी शिकावे, नोकऱ्या कराव्यात, यात कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. लोकपरंपरा टिकावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाने शाळा बुडवावी, असे म्हणण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. चुकले ते माझे वाक्य. शाळा आणि तुणतुणे यांतले एकच निवड, असे मी त्याला सांगितले. आणि तुणतुणे धरणे ही लाजेची गोष्ट आहे, हेही न बोलता शिकवले.

करता येण्यासारखे काय आहे? फार मोठे काही नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्था आपल्या परीने शिकवण्याचे काम करत आहेत. पण गोंधळ शेवटी अंगणात होतो आणि तो घालणारे आपण आहोत. यजमान म्हणून बोलावणे करताना आपण एवढे म्हणू शकतो, की तुणतुणे वाजवणारा आणा, त्याची बिदागी वेगळी देऊ. मायक्रोफोन ठेवणाऱ्याला सांगू शकतो, की एक त्या तारेपुढेही ठेव. कार्य उन्हाळ्याच्या सुटीत असेल तर नाईकांना विचारू शकतो, की घरातल्या लेकराला आणता का? मुलगी असली तरी आणा. आणि रात्रभर जमले नाही, तरी एक आख्यान पूर्ण ऐकायला आपण स्वतः बसू शकतो. ऐकणारे उठून जेवणाच्या पंगतीकडे गेले, तर नाईकांनी कुणासाठी सांगायचे?

मागच्या दिवाळीत तो माझा विद्यार्थी गावी आला होता. भेटायला आला, वाकून नमस्कार केला. मी त्याला त्या दिवसाची आठवण दिली आणि म्हणालो, "बाबा, मी तेव्हा बोललो ते चुकलं." तो हसला. म्हणाला, "सर, मला तर ते आठवतही नाही." मला वाटते, त्याला आठवत होते. जाताना तो एवढेच म्हणाला, की त्याची मुलगी आजोबांच्या तुणतुण्याला सारखा हात लावते, आणि त्याने तिला अडवलेले नाही.

तार अजून सैलच आहे. पण खुंटी फिरवायला वेळ लागत नाही.